ब्लू शटलमधलं घड्याळ

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी नोरीन पिकपने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सांगितलं, की ते चुकीचं लावलंय. घड्याळ अकरा वीसच दाखवत होतं.

थॉर्नली ब्रो या आमच्या गावातल्या ब्लू शटल पबमध्ये त्या दिवशी चित्रीकरण होतं. डेरेक स्टॅनिफोर्थच्या खुनावरचा हा चौथा माहितीपट. डेरेक नाइटक्लबांच्या दारांवर उभी राहणारी माणसं पुरवायचा. कुठलं दार कुणाच्या ताब्यात, यावरून त्या काळी टोळ्यांमध्ये मुडदे पडत. गुरुवार, ६ फेब्रुवारी १९९२ रोजी संध्याकाळी या पबच्या मागच्या आवारात, स्वतःच्या गाडीत बसलेला असताना, त्याला गोळी घातली गेली. कुणालाही शिक्षा झाली नाही.

नोरीन तेव्हा काउंटरवर बिअर ओतत होती. आवाज झाला तशी तिने घड्याळाकडे पाहिलं. नऊला दहा कमी. आधीच्या तिन्ही माहितीपटांत ती हे सांगते. आता ती शहात्तर वर्षांची आहे आणि बाजारात लोक तिला थांबवून "नोरीन, किती वाजले गं?" असं मुद्दाम विचारतात. "नऊला दहा कमी," असं म्हणून ती पुढे जाते.

सगळा तपास त्या वेळेपाशी अडला होता. पोलिसांचा संशय रॉय गॅदरकोल या डेरेकच्या प्रतिस्पर्ध्यावर होता. पण गॅदरकोल त्या संध्याकाळी पाच मैलांवर, कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर होता. जिंकलेल्या कुत्र्याशेजारी तो उभा असलेला फोटो आहे आणि फोटोमागे मैदानाच्या फोटोग्राफरने वेळ लिहिली आहे, ८.५५. पाच मिनिटांत पाच मैल कुणी जात नाही.

डेरेकची बहीण हेझल प्रत्येक चित्रीकरणाला येते आणि येताना लिंबाचा केक आणते. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची नोकरी झाली, आता एकोणसत्तर वर्षांची आहे. तिला एकच गोष्ट हवी आहे. ज्याने गोळी घातली त्याचं नाव कोर्टात, न्यायाधीशासमोर, मोठ्याने उच्चारलेलं तिला ऐकायचं आहे. पुढे त्याला शिक्षा होवो न होवो.

त्या सकाळी दिग्दर्शिका टॅमझिनला तो प्रसंग उभा करायचा होता. पबचा मालक क्लाइव्ह याने तळघरातून जुनं घड्याळ शोधून आणलं. सामानसुमान बघणाऱ्या गॅरेथने ते पुसलं, चावी दिली, भिंतीवर जुन्याच खिळ्याला टांगलं. तोवर चहा झाला होता. नोरीन कपाळावर पावडर लावून घेत बसली होती, तिथून तिचं लक्ष गेलं.

"कुणी लावलं रे हे?"

"मी. फोनवर बघून लावलंय," गॅरेथ म्हणाला. "मिनिटाचाही फरक नाही."

"म्हणूनच चुकलंय. दहा मिनिटं पुढे घे."

"पुढे? का?"

"का म्हणजे? पबचं घड्याळ आहे ना? बरोबर चाललं तर ह्या बाप्यांना रात्री अकराला, बंद करायच्या वेळी, बाहेर काढणार कसं? एकेकाचा शेवटचा पेला संपता संपायचा नाही. पुढे असलं म्हणजे ओरडायला दहा मिनिटं मिळतात."

"आमच्या वडिलांनी पण तसंच ठेवलं होतं," क्लाइव्ह म्हणाला. "सगळेच ठेवतात." गॅरेथने काटा दहा मिनिटं पुढे सरकवला.

हेझल केक कापत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"नोरीन, त्या दिवशीही ते पुढे होतं?"

"रोजच होतं गं."

"म्हणजे डेरेक गेला तेव्हा नऊला वीस कमी होते."

पावडर लावणारी मुलगी हात तसाच वर धरून थांबली.

"तेहतीस वर्षं तू हे बोलली नाहीस?" हेझलने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"विचारलं कुणी? तो इन्स्पेक्टर म्हणाला, घड्याळात किती वाजले होते? मी सांगितले. मग हे सिनेमावाले आले, त्यांनीही तेच विचारलं. आणि सांगायचं काय त्यात? कुत्र्याला शेपूट असतं, असं कुणी सांगत बसतं का?"

इन्स्पेक्टर बाहेरगावचा होता आणि दारूला शिवत नव्हता. आमच्यापैकी कुणी त्याला सांगितलं नाही, कारण ते प्रत्येकाला माहीत होतं. मी तेव्हा इथल्या सायंदैनिकाचा बातमीदार होतो; खुनाच्या दुसऱ्या दिवशी त्यात "नऊला दहा कमी असताना" हे शब्द मीच छापले. त्याआधी नऊ वर्षं मी त्याच घड्याळाखाली बसून पीत होतो.

टॅमझिन पुढे आली. कॅमेरा बंद होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "नोरीनबाई, आत्ता म्हणालात ते पुन्हा एकदा म्हणाल? गॅरेथ, घड्याळ परत बरोबर लाव."

"आता बरोबर म्हणजे कुठलं बरोबर?" गॅरेथ म्हणाला.

"कॅमेरा थांबेल, पोरी," हेझल म्हणाली. "आधी पोलिसांना फोन."

"तुमचं बरोबर आहे. पण आत्ता सांगितलं तर उद्या पेपरात येईल, आणि आमचं मार्चमध्ये लागणार आहे. दोन आठवडे थांबलात तर..."

"दोन आठवडे तुला दिले, तर मला काय मिळणार?"

टॅमझिनने थोडा विचार केला. मग स्वतःचा फोन काढून हेझलच्या हातात दिला. "खिडकीपाशी या. इथे आत रेंज नाही."

पोलिसांच्या फोनवर आधी संगीत वाजलं. ते वाजतच राहिलं. हेझल खिडकीत बसून एका हाताने केक खात होती आणि बोटांनी ताल धरत होती. "अकरा मिनिटं झाली," ती म्हणाली. "होऊ देत. तेहतीस वर्षांत आज पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी नवीन बोललं."

"कुठल्या घड्याळाची अकरा?" क्लाइव्हने विचारलं, आणि नोरीनसुद्धा हसली.

मात्र दुपारी अडीचला दोन अधिकारी आत आले तेव्हा तिचं हसू गेलं. "मला आत टाकतील का गं?" तिने हेझलला हळूच विचारलं.

"टाकलं तर केक घेऊन येईन दर रविवारी. गप बस आणि विचारतील ते सांग."

"विचारतील तेवढंच सांगितलं, म्हणून तर हे झालं!"

"मग सगळंच सांग."

तिने सगळं सांगितलं. दोन तास दहा मिनिटं लागली. त्यात घड्याळाविषयी दोन पानं होती, बाकी गावाविषयी. क्लाइव्हने जबाब दिला, मी दिला, त्या काळी रोज येणाऱ्या आणखी दोघांनी दिला. पाचही जबाब घड्याळाच्या बाबतीत जुळतात. अधिकाऱ्यांनी घड्याळ कागदी पिशवीत घालून, पिशवीवर सही करून नेलं. उरलेला केक हेझलने त्यांच्या गाडीत ठेवला. त्यांनी तो नाकारला नाही.

गॅदरकोल आता एक्क्याऐंशी वर्षांचा आहे आणि समुद्रकाठच्या एका बंगलीत राहतो. त्याच्या वकिलाने एका ओळीचं निवेदन दिलं: आपला अशील त्या संध्याकाळी शर्यतीला होता आणि त्याला अधिक काही सांगायचं नाही.

गेल्या गुरुवारी पोलिसांनी त्या काळची एक गाडी मिळवली आणि पबच्या आवारापासून मैदानापर्यंत जुन्या रस्त्याने दोनदा चालवून पाहिली. गोळीपासून फोटोपर्यंत आता पंधरा मिनिटं मिळतात. पहिल्या खेपेला साडेतेरा मिनिटं लागली. दुसऱ्या खेपेला मालगाडीसाठी रेल्वेचं फाटक पडलं आणि सतरा लागली.

हेझलला दोन्ही आकडे फोनवर कळवले आहेत. ती म्हणाली, "साडेतेरा चालेल." त्या फाटकावर १९९२ साली रखवालदार असायचा आणि फाटक कधी पडलं, कधी उघडलं, ते तो वहीत लिहायचा. त्या वर्षीच्या फेब्रुवारीची वही अजून सापडलेली नाही.