रेघेच्या बाहेर दोन बोटं

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा कुशनवाला एका खुर्चीचे जुने खिळे उपटत होता. उपटलेले खिळे तोंडात धरायची त्याची सवय, त्यामुळे त्याला आधी नीट बोलताच येईना. पलीकडची बाई म्हणाली, "तुम्ही लगेच या." त्याने खिळे तळहातावर काढले आणि विचारलं, "शुद्धीवर आली का?" ती पुन्हा एवढंच म्हणाली, "लगेच या." तेवढ्यावरून त्याला कळलं.

ऑपरेशन साधं होतं. निदान सगळे तसंच म्हणत होते. सकाळी बायको स्वतःच्या पायांनी जिना उतरून गेली होती आणि जाताना म्हणाली होती, "माझ्या मशीनला कुणी हात लावू नका. खोळ सुईखाली तशीच आहे."

संध्याकाळी तो घरी परतला तेव्हा दोघी मुली खिडकीजवळच्या बाकावर बसल्या होत्या. शाळेतून येऊन किती वेळ झाला होता कोण जाणे, पण दोघींच्या पायांत बूट तसेच होते. त्याने सांगितलं. आडवळणं घेऊन सांगायला त्याला कधी जमलंच नव्हतं. धाकटीने आधी ताईच्या तोंडाकडे पाहिलं, आता आपण काय करायचं ते बघायला. ताई रडली नाही म्हणून तीही रडली नाही.

थोरलीने विचारलं, "बाबा, मशीन झाकून ठेवू?"

"ठेव."

तिने चादर आणून मशीनवर टाकली. सुईखालच्या खोळीसकट.

ती खोळ गिऱ्हाइकाची नव्हती. घरातल्या बाकाची होती. सगळ्या गावाच्या खुर्च्या मऊ करून झाल्या तरी या घरातल्या बाकाच्या नशिबी उघडं लाकूडच होतं, आणि त्यावरून बायको नवऱ्याला बोलल्याशिवाय राहत नसे. शेवटी उरलेल्या तुकड्यांची खोळ तिनेच शिवायला घेतली होती.

दोघी बहिणींमध्ये पाच वर्षांचं अंतर. धाकटीने रांगत्या वयात एक बटण गिळलं होतं आणि ते सुखरूप बाहेर पडेपर्यंत सगळ्या घराच्या जिवाला घोर लागला होता, तेव्हापासून तिचं नाव बटण पडलं. त्या दिवसापासून थोरली तिच्यावर जी नजर ठेवून होती ती अजून हटलेली नव्हती. भांडायच्या रोज. पण एकीला दुसऱ्या खोलीत झोपायला सांगितलं तर दोघींचं तोंड एकदम वाकडं व्हायचं.

बातमी कळताच मुलींची मावशी आली. बायकोची थोरली बहीण, अंगाने भक्कम, तोंडाने त्याहून. तिने घर हातात घेतलं. भांडी, कपडे, शाळेचे डबे, सगळं रांगेला लावलं. धाकटी बहीण गेल्याचं दुःख ती भांड्यांवर काढत होती. घासून घासून तिने पातेल्यांचे तळ पांढरे केले. मग एके दिवशी बटाटे सोलता सोलता ती म्हणाली, "भाऊजी, रागावू नका. पण तुम्हाला साधा भात करता येत नाही. दुकान बघणार, का दोन पोरी बघणार? थोरली कळती आहे, तिचं भागेल. बटणला मी नेते. माझं घर रिकामंच आहे."

कुशनवाल्याच्या अंगात तेव्हा हो-नाही म्हणायचं त्राण नव्हतं. कुणी काही विचारलं की तो मान हलवायचा. त्याने मान हलवली.

मावशी आपलं घर आवरायला गेली. रविवारी येऊन बटणला घेऊन जायचं ठरलं.

थोरलीला हे कळलं तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. ती दुकानात आली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. फोमचे तुकडे, स्प्रिंगा, लाकडाचे सांगाडे आणि कोपऱ्यात चादरीखाली मशीन. तिने विचारलं, "दाताच्या डॉक्टरांच्या खुर्च्यांचं काय केलंत?"

दाताच्या डॉक्टरांनी आपल्या नव्या दवाखान्यात बाहेर बसणाऱ्यांसाठी खुर्च्या करायला दिल्या होत्या. सांगाडे तयार होते, फोम कापून ठेवला होता. राहिल्या होत्या खोळी. आणि खोळी शिवणारी राहिली नव्हती.

"परत करतो," तो म्हणाला. "सांगतो त्यांना, दुसरीकडे बघा."

"का? आम्ही शिवतो."

"तुम्ही?"

"मी आणि बटण. पण दोघी लागतात. एकटीला मला येत नाही."

त्याला वाटलं, पोरगी बहिणीला ठेवून घ्यायला काहीतरी थाप मारते आहे. "बघू," तो म्हणाला. मोठी माणसं नाही म्हणायचं असलं की म्हणतात, तसं.

थोरलीने चादर काढली. खोळ दाबून धरणारा मशीनचा पाय उचलला, पण दोरा लगेच कापला नाही. लांब ओढून मग तोडला, खोळीभोवती गुंडाळला आणि ती खोळ कपाटात ठेवली. मग आईच्या स्टुलावर बसली. स्टूल उंच होतं. तिला सुई दिसत होती, पण पाय खाली लोंबकळत होते. तेवढ्यात बटण कुणी न सांगता मशीनखाली शिरली, मांडी घातली आणि पायडलवर दोन्ही हात ठेवले.

थोरलीने टाच बहिणीच्या खांद्यावर टेकवली. बटणने पायडल दाबलं. मशीन चाललं. टाच उचलली, मशीन थांबलं. एका जुन्या चिंधीवर सरळ, स्वच्छ शिवण उतरली. कोपऱ्यापाशी टाचेचा दाब कमी झाला, खालचे हातही हळू झाले. एकीच्या डोळ्यांवर आणि दुसरीच्या हातांवर मशीन एका माणसाने चालवावं तसं चालत होतं.

"हे कुणी शिकवलं?"

"आईने," मशीनखालून आवाज आला. "ती स्वयंपाक करायची तेव्हा आम्ही चिंध्या शिवायचो. तुम्ही दुकानात नसायचात तेव्हा."

"तू गप्प बस," थोरली म्हणाली. "खाली असताना बोलायचं नाही. हात चुकतो."

कुशनवाल्याने ती चिंधी उचलून शिवण निरखली. मग खडू शोधायला लागला.

खडूच्या रेघेचा त्याला अभिमान होता. लग्नाआधी तो नुसता सुतार होता. खोळी शिवणं बायकोचं खातं, पण मापं काढून कापडावर आखणं त्याचंच. कापडावर तो गादी ठेवायचा, बोटभर जागा शिवणीला सोडायचा आणि एका हाताने न थांबता रेघ ओढायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, माझी रेघ म्हणजे रेघ, त्यावर कापलं की खोळ कातडीसारखी बसते. बायको त्यावर काही बोलत नसे. डोकं खाली घालून हसायची.

त्याने कापड जमिनीवर पसरलं, रेघ ओढली आणि थोरलीच्या हातात कात्री दिली. "रेघेवर काप. इकडे नाही, तिकडे नाही."

तिने जीभ दातांत धरून बरोबर रेघेवर कापलं. दोघींनी शिवलं. शिवण पाहून त्याला आत कुठेतरी बरं वाटलं, फोन आल्यापासून पहिल्यांदा. मग त्याने खोळ फोमवर चढवायला घेतली.

खोळ बसेना. एका बाजूने ओढली की दुसरी बाजू वर येई. त्याने गुडघा टेकून फोम दाबला. कापड ताणून ताणून पांढरं पडलं आणि कोपऱ्यात शिवण उसवली.

"शिवणीत जास्त कापड घेतलंस," तो म्हणाला.

"नाही घेतलं."

"मग तिरकं कापलंस."

"तुमच्या रेघेवर कापलंय." थोरलीने उसवलेला तुकडा त्याच्यासमोर धरला. कडेला खडूचा पांढरा अंश अजून होता.

त्यांनी दुसरी केली. दुसरीचीही तीच गत. कुशनवाल्याला काही उमजेना. तोच फोम, तीच रेघ, तोच हात. इतकी वर्षं खोळी बसत होत्या त्या आज का बसू नयेत? त्याला वाटलं, तिच्या हाताबरोबर सगळंच गेलं. तो म्हणाला, "राहू दे. तुमचा दोष नाही. हे आपल्याला जमायचं नाही."

थोरली म्हणाली, "तिसरी करू."

"कापड संपेल."

"संपू दे. मी तिसरी करणार."

ती त्याच्याकडे न बघता कापड सरळ करायला लागली. तिची आईही अशीच करायची. एखादी गोष्ट करायची ठरली की तोंड बंद आणि हात चालू.

याच वेळी मावशी आली. हातात रिकामी पिशवी, बटणचे कपडे भरायला. आतलं दृश्य बघून ती दारातच थांबली. जमिनीवर भाऊजी खडू घेऊन ओणवा, एक भाची कात्री घेऊन, दुसरी मशीनखाली, आणि मध्ये फाटकी खोळ.

"हे काय चाललंय? पोरीला मशीनखाली काय कोंबलंय?"

"मी कोंबलेली नाही," बटण म्हणाली. "मी कामाला आहे."

"बाहेर ये. आपल्याला निघायचंय."

बटण बाहेर आली, पण मावशीकडे गेली नाही. कापडापाशी जाऊन बसली आणि नुकत्याच ओढलेल्या रेघेच्या बाहेर तिने आपली दोन बोटं चिकटवून ठेवली.

"हात काढ गं, कापायचंय," थोरली म्हणाली.

"मग माझ्या बोटांच्या पलीकडून काप. आई तशीच कापायची."

कुशनवाल्याने मान वर केली. "काय म्हणालीस?"

"मी शाळेतून आधी यायची, ताई शाळेतच असायची, तुम्ही बाहेर असायचात, तेव्हा आई मला बोलवायची. ठेव गं बटण तुझी बोटं, म्हणायची. मग मी बोटं ठेवायची आणि ती पलीकडून कापायची. मग परत पुढे ठेवायची. सगळ्या रेघेला." तिने बोटं सरकवत सरकवत दाखवलं. "तुम्ही दोघांनी माझी बोटं ठेवलीच नाहीत."

"मग तू आधी का नाही सांगितलंस?" थोरली म्हणाली.

"तूच म्हणालीस, खाली असताना बोलायचं नाही."

मावशी आधी हसली. भाऊजीच्या तोंडाकडे बघून मग थांबली.

कुशनवाल्याने फोमवर हात दाबला आणि सोडला. फोम फुगून वर आला. त्या फुगवट्याला लागणारं कापड त्याच्या रेघेत नव्हतं. कधीच नव्हतं. त्याने शिवणीपुरतं सोडलं होतं, पोटाला सोडलं नव्हतं. आणि ती त्याला एका शब्दाने न बोलता, पोरीची बोटं लावून, रोज त्याची रेघ ओलांडत होती. गिऱ्हाइकांसमोर त्याची फुशारकी ऐकून डोकं खाली घालून का हसायची, ते त्याला आज कळलं. त्यालाही हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरले. त्याने ते खडूच्या हाताने पुसले, त्यामुळे तोंड पांढरं झालं. बटण म्हणाली, "बाबा, तुम्ही जोकर दिसताय."

"ठेव बोटं," तो म्हणाला.

तिसरी खोळ बसली. कातडीसारखी.

मावशी रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बाकाच्या उघड्या लाकडावर बसली होती. खोळ चढवून होईपर्यंत तिने सगळं बघितलं. मग म्हणाली, "सगळं खरं. पण पोरींनी का मशीन चालवायचं? शाळा आहे, अभ्यास आहे. एवढंसं पोर दिवसभर पायडल दाबणार?"

"नाही दाबणार," कुशनवाला म्हणाला. त्या फोननंतर इतक्या स्पष्टपणे तो पहिल्यांदाच बोलत होता. "एवढ्या खुर्च्यांपुरतं. तोवर मी शिकतो. शिवणही आणि भातही."

"तुम्ही?"

"ताई, मी परवा मान हलवली ती चूक झाली. मला कळत नव्हतं कशाला हलवतोय. बटण कुठे जाणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल, वाटू दे. तुम्ही इथे या, हव्या तितक्या वेळा या. पण या दोघींना मी वेगळं करणार नाही."

मावशीने मांडीवरची पिशवी मुठीत आवळली. "मी काय परकी आहे? तिचा चेहरा माझ्या बहिणीचा आहे. दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

 मग थोरलीने कात्री खाली ठेवली. "मावशी, तू आणि आई एका खोलीत झोपायचात?"

"एका अंथरुणावर. लग्न होईपर्यंत. लाथा मारायची तुझी आई."

"हीपण मारते," थोरली म्हणाली.

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवीची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि ती कमरेला खोचली. उठून नव्या खुर्चीपाशी गेली. "बसून बघते. मी बसल्यावर टिकली तर कुणीही बसलं तरी टिकेल." ती बसली, दोन्ही बाजूंना हलली, शिवणीवरून बोट फिरवलं. "बरी आहे," ती म्हणाली. "भात मी शिकवते. उद्यापासून. मला ओरडायची सवय आहे, आधीच सांगते."

दाताच्या डॉक्टरांच्या खुर्च्या वेळेत गेल्या. त्यानंतर कुशनवाला बायकोच्या स्टुलावर बसला आणि पोरी त्याच्या दोन्ही बाजूंना मास्तरणीसारख्या उभ्या राहिल्या. त्याचे पाय मोठे. चाक उलटं फिरे, दोरा तुटे, थोरली न बोलता पुन्हा ओवून देई. बटण म्हणे, "बाबा, हळू. पळायचं नाहीये कुठे." तो रोज बसला. शाळा सुटायच्या आत आपल्या चुका उसवून ठेवायचा, म्हणजे थोरलीला दिसू नयेत, पण कापडावरची भोकं तिला दिसायचीच. आता त्याला सरळ शिवण येते. भात येतो, कधी चिकट होतो. कापड आखताना तो रेघ ओढतो आणि मग हाक मारतो, आणि बटण जिथे असेल तिथून बोटं घेऊन येते. तिची बोटं वाढतील तेव्हा काय करायचं, यावर दोघी बहिणींचं अजून एकमत नाही.

कोपरा वळवणं मात्र त्याला जमलेलं नाही, आणि बाकाची खोळ आपणच पुरी करायची असं त्याने ठरवलं आहे. ती कपाटात दोरा गुंडाळलेली तशीच आहे. तिचे दोन कोपरे आणि एक बाजू शिवायची राहिली आहे.