चार नंबरच्या खोलीची लांडी ओळ

मित्रांनो, मला रंग नाही, चित्र नाही, आणि माझ्याशी खेळायला कोणी येत नाही. तरीही जपानमधल्या उरायासु गावी, समुद्रकाठच्या एका थंड गोदामात सकाळी माझ्यावाचून पानही हलत नाही. मी एक जुनी बॅच फाईल आहे. संगणकाने एकामागून एक काय काय करायचे, ते सांगणारे साधे हुकूम म्हणजे मी. वय झाले असले, तरी कामाला मी अजून खणखणीत आहे.

आमच्या गोदामात शाळांच्या जेवणाचे दूध आणि भाज्या असतात. एकूण बारा खोल्या, सगळ्या जवळपास सारख्याच थंड. तिथला संगणक प्रत्येक खोलीची माहिती सुटी सुटी देई. एका ओळीत खोलीचे नाव, खालच्या ओळीत तापमान, त्याखाली दार बंद की उघडे. सकाळच्या बैठकीत गोदामप्रमुख मोरियामा-सान तो कागद हातात घेत, प्रत्येक ओळीवर बोट ठेवत आणि मोठ्याने वाचून "योशी!" म्हणत. योशी म्हणजे ठीक आहे. जपानात असे बोट दाखवून, आवाज काढून खात्री करायची पद्धतच आहे. पण इतक्या ओळींत त्यांचे बोट घसरे आणि एका खोलीची योशी दुसरीला मिळे.

गोदामाच्या संगणकाचे काम बघायला पुण्याहून आलेल्या दीप्तीने हे पाहिले आणि मला लिहायला घेतले. खोलीचे नाव दिसले की नवी ओळ सुरू करायची, पुढचे नाव येईपर्यंत जे मिळेल ते त्याच ओळीत गुंफायचे, हा माझा धर्म. पहिल्या दिवशी माझ्या कागदावर बारावी खोलीच आली नाही, कारण तिच्यापुढे कोणाचे नाव नसल्यामुळे ती ओळ मी कधी संपवलीच नाही. दीप्ती कपाळाला हात लावून हसली. तिने शेवटी एक जादा हुकूम लिहिला आणि माझे काम चोख झाले. एक खोली, एक ओळ, एक बोट! मोरियामा-साननी दीप्तीला वाकून नमस्कार केला आणि तांदळाच्या खाऱ्या चकत्यांचा पुडा दिला. खरे तर त्यातला अर्धा मान माझा होता.

पुढे दीप्तीच्या नवऱ्याला क्योतोच्या विद्यापीठात संशोधनाचे काम मिळाले आणि ती तिकडे गेली. तिच्या जागी पुष्कर आला. मुलगा हुशार, पण मला पाहताच त्याने नाक मुरडले.

"हे काय बाबा आदमच्या जमान्यातलं!" तो म्हणाला.

त्याने लाल-हिरव्या रंगांचा झकपक तक्ता बनवला. तो तक्ता सगळी नावे एका रांगेत उभी करी, सगळी तापमाने दुसऱ्या रांगेत, सगळी दारे तिसऱ्या रांगेत, आणि मग क्रमाने त्यांच्या जोड्या लावी. मला त्याने 'फुरुई', म्हणजे 'जुने', नावाच्या फोल्डरमध्ये टाकले. मला वाईट वाटले. फार वाईट वाटले. पण आपण काय आहोत हे मला ठाऊक होते.

एका सकाळी मोरियामा-सान नव्या तक्त्यावर बोट ठेवून वाचत होते. अकराव्या खोलीपर्यंत योशी झाली. बाराव्या खोलीपुढे तापमानच नव्हते. रिकाम्या जागेला योशी कशी म्हणणार? माणसे बाराव्या खोलीकडे धावली. तिथे तर चांगला गारठा होता, भिंतीवरचा काटा साडेतीन अंश दाखवत होता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाहेर शाळांचे ट्रक भरायला लागले.

पुष्कर मात्र तक्त्याकडे पाहतच राहिला. त्यात साडेतीन अंश अकराव्या खोलीपुढे लिहिले होते. त्याच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने दीप्तीला फोन लावला. क्योतोत बसमध्ये फोनवर बोलत नाहीत, म्हणून ती मधल्याच थांब्यावर उतरली.

"दीप्तीताई, तापमानं एकेक खोली वर सरकलीत. मधलं कुणाचं तरी आलंच नाहीये. पण कुणाचं, तेच कळत नाहीये! ट्रक निघतायत, आणि आमच्या लेकीच्या, मैत्रेयीच्या शाळेतसुद्धा हेच दूध जातं."

"माझी जुनी फाईल डिलीट केलीस?"

"नाही, फुरुईमध्ये आहे."

"मग आधी ती रन कर. ती कुणाचं कुणाला देत नाही."

इतक्या दिवसांनी मला हाक आली! मी उठले आणि एका दमात बारा ओळी समोर मांडल्या. अकरा ओळी भरगच्च होत्या. चौथी लांडी निघाली. तीत नाव होते, बंद दार होते, तापमान नव्हते. चौथ्या खोलीचे थंडी करणारे यंत्र आणि त्यालाच जोडलेला तापमापक, दोन्ही मुकाट बंद पडले होते आणि तक्त्याने पाचव्या खोलीची थंडी तिच्या नावावर खपवली होती.

"चोत्तो मात्ते!" जरा थांबा, असे ओरडत मोरियामा-सान ट्रककडे धावले. चौथी खोली उघडली, तेव्हा दुधाचे खोके हाताला कोमट लागले. तिथले जे खोके ट्रकमध्ये चढले होते, तेही सगळे खाली उतरवले. शाळांना दुसऱ्या खोल्यांतले दूध गेले. पुष्कर स्वतः एकेक कोमट खोका उचलून बाजूला रचू लागला.

मोरियामा-सान त्याला रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "पुष्कर-सान, उद्या सकाळी मी कोणता कागद वाचू?" पुष्करने मला मानाने माझ्या जागी आणून बसवले. रंग हवेतच म्हणून आता माझ्याच ओळी तो रंगवतो. मला ते मनापासून आवडते.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकण्याआधी त्या काम कशा करतात, ते एकदा विचारा. आणि आणखी एक मागणे आहे. तुमच्या वर्गात हजेरी चालू असताना एखादे नाव पुकारले जाते आणि उत्तर येत नाही. तेव्हा पुढच्याचे 'हजर' त्याच्या नावावर खपवू नका. त्याची जागा तशीच रिकामी राहू द्या, आणि मोरियामा-सान ट्रक थांबवून चौथ्या खोलीकडे धावले, तसे तुम्हीही तो का आला नाही हे पाहायला त्याच्या दाराशी धावा.