हातमोजे काढणारी डॉक्टरीण

"या भागात काहीच होत न्हाई, ताई. दुसरं काही लाव," केदार दारातूनच म्हणाला आणि रबरी हातमोजे चढवत अण्णांच्या खाटेपाशी आला. अण्णांच्या फुफ्फुसात जंतुसंसर्ग होता. जपून राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि केदारने ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

शरयूने टीव्ही बंद केला नाही. भोकरदनच्या शाळेत कारकुनी करता करता ती पन्नाशीला आली होती. लग्न राहूनच गेलं, आईच्या मागे अण्णांचं सगळं तिनेच केलं. घरात साप निघाला तरी आवाज न चढवणारी ही बाई आयुष्यात भांडली ती एकाच गोष्टीवरून, 'ध्रुवयान' या अंतराळावरच्या मालिकेतल्या एका भागावरून, आता लागलेल्या या भागावरून. मालिका वर्षानुवर्षं चालली. दर रविवारी बहीणभाऊ अण्णांच्या दोन बाजूंना बसून ती बघायचे. बाकी भागांत लढाया असायच्या, राक्षस असायचे. या भागात विषारी हवेच्या ग्रहावर दिवे राखणारा एक म्हातारा मरायला टेकलेला असतो. यानातली डॉक्टरीण त्याला यंत्रात गोठवून न्यायला येते. तो नको म्हणतो. मग ती हातमोजे काढते, बोटाने त्याच्या ओठांना पाणी लावते आणि तो जाईपर्यंत नुसती बसून राहते. संपली गोष्ट.

मालिकेवर जीव टाकणारेसुद्धा या भागाला नाकं मुरडत. केदार तर यथेच्छ टिंगल करायचा. विषारी ग्रहावर हातमोजे काढणारी ही कसली डॉक्टर, हे त्याचं पालुपद. शरयूचंही उत्तर ठरलेलं होतं. आता औषध नको, माणूस पाहिजे, एवढं त्या बाईला कळलं, आणि ते बाकीच्या भागांत कुणालाच कळलेलं नाही.

आज केदार संभाजीनगरहून अँब्युलन्स घेऊनच आला होता. तिथल्या मोठ्या दवाखान्यात खाट मिळाली होती. शरयूने परोपरीने सांगून पाहिलं. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि बोलता येत होतं तेव्हा अण्णाच म्हणाले होते, मला आता हलवू नको. केदार ऐकेना.

"आईच्या टायमाला आपण थांबलोच व्हतो ना? उशाशी बसून राह्यलो. मंग काय झालं?"

वेळेत आणलं असतं तर आई वाचली असती, असं डॉक्टर नंतर म्हणाले होते. ते दोघांच्याही काळजात रुतून बसलं होतं.

"आईचं येगळं व्हतं, केदार. अण्णांनी तोंडानं सांगितलंय मला."

"अण्णांनी न्हाई, त्या टीव्हीतल्या म्हाताऱ्यानं सांगितलंय तुला."

बोलून गेल्यावर त्याचाच चेहरा उतरला. शरयूने अण्णांचे कपडे पिशवीत भरले.

मागे एकालाच बसता येईल, असं ड्रायव्हर म्हणाला. मोठ्या डॉक्टरांशी फोनवर केदारच बोलत होता, म्हणून तो आत चढला आणि शरयू पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. ज्यांच्याजवळ नुसतं बसायला मिळावं म्हणून ती भांडली, त्या अण्णांच्या आणि तिच्यामध्ये आता गाडीची काच होती. दारात आडवी का पडले नाही मी, असं वाटून तिला स्वतःचाच संताप आला.

रस्ताभर मागून केदारचा फोनवरचा आवाज येत राहिला. फुलंब्री मागे पडली आणि तो आवाज थांबला. शरयूने काचेवर टकटक केली. आतून काहीच उत्तर आलं नाही. तिला काय ते कळलं. ती पदर तोंडाशी धरून रडली, आणि ड्रायव्हरने न सांगताच गाडी हळू केली.

दवाखान्याच्या दारात तिने मागचं दार उघडलं. ऑक्सिजनची नळी अजून फुसफुसत होती. केदारचे हातमोजे उलटे होऊन खाली पडले होते. पाण्याची बाटली त्याच्या मांडीवर लवंडली होती. त्याच्या उघड्या हातात अण्णांचा हात होता आणि अण्णांचे ओठ ओले होते.

"पाणी घेतलं त्यांनी, ताई," तो म्हणाला.

स्ट्रेचर घेऊन माणसं धावत आली. शरयू वर चढली आणि अण्णांच्या दुसऱ्या बाजूला, तिच्या रविवारच्या जागेवर बसली.

"थोडं थांबा," केदार त्या माणसांना म्हणाला.