लाल ठिपक्याखालचा स्क्रू

‘शस्त्रामध्ये आकस्मिक यांत्रिक बिघाड उद्भवल्याने दुसरी गोळी सुटू शकली नाही. यात कोणाही व्यक्तीचा दोष आढळून आला नाही.’

मित्रांनो, मेर्या युन्तुनेन यांच्या अपघाताबद्दल सार्किवारा शिकारमंडळाने पोलिसांना जे निवेदन पाठवले, त्यातली ही दोन वाक्ये आहेत. खाली अध्यक्ष तैस्तो लेइनोनेन यांची सही आहे. सही सुरेख आहे. टपोरी, आणि हात न थरथरता केलेली. त्या वाक्यांत जिला ‘शस्त्र’ म्हटले आहे, ती मी. मी एक जुनी, अर्धस्वयंचलित शिकारी रायफल आहे.

माझ्या बाबतीत आकस्मिक असे काहीही घडलेले नाही. नोव्हेंबरात जे झाले त्याची तयारी जुलैत झाली होती. भर उन्हात, तीसएक साक्षीदारांसमोर, टाळ्यांच्या गजरात. बिघाडही झाला नाही. मला जसे लावून ठेवले होते, तशीच मी तंतोतंत वागले. राहता राहिले ‘कोणाही व्यक्तीचा’ हे शब्द. ते खरे असते, तर मी चार महिने भीतीत काढले नसते.

माझ्या पोटातली व्यवस्था तशी साधी आहे. गोळी नळीतून पुढे धावते, तेव्हा तिच्यामागच्या जळत्या वायूचा एक घोट एका बारीक भोकातून माझ्या वाट्याला येतो. त्या घोटाच्या बळावर माझा बोल्ट, म्हणजे आतली सरकती खीळ, मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर टाकतो आणि परतताना पुढचे काडतूस घेऊन येतो. घोट केवढा असावा हे एक छोटा स्क्रू ठरवतो. तो खटक्याखटक्याने फिरतो; आवळला की घोट लहान होतो, मोकळा केला की मोठा. घोट मोठा झाला तर बोल्ट आदळतो. लहान झाला तर तो अर्ध्या वाटेवरून परततो, आणि मी हातातली नुसती लोखंडी काठी होते.

माझा मालक इल्पो मोइलानेन जंगलात झाडे तोडण्याचे मोठे यंत्र चालवतो. सोळा वर्षे त्याने मला नीट पुसले, नीट ठेवले. शिकारीच्या दिवशी तो दलदलीच्या कडेला नेमून दिलेल्या जागी उभा राहतो. त्याची शेजारीण मेर्या मात्र उभी राहत नाही, ती चालते. तिची हिल्ला नावाची करडी कुत्री मूस, म्हणजे घोड्याहून थोराड असे रानातले हरीण, शोधून त्याच्या तोंडासमोर भुंकत राहते, आणि मेर्या त्या भुंकण्यामागून दाट झाडीत शिरते. म्हणजे बंदुकीवाले सारे कडेला आणि या दोघी मधोमध. हे चित्र लक्षात ठेवा. मला ते कधी विसरता आले नाही.

गेल्या वसंतात इल्पोने माझ्या तोंडाला सायलेन्सर बसवला. कारण मेर्याने दिले होते.

‘‘तुझा कान गेलाय तो गेला, इल्पो,’’ ती म्हणाली, ‘‘माझ्या कुत्रीचा घालवू नकोस.’’

सायलेन्सर आवाज अडवतो, तसा वायूही अडवतो. पुढे जायला वाट अरुंद झाली की तो मागे वळतो, आणि माझा घोट न मागता मोठा होतो. जुलैत नेमबाजीच्या मैदानावर मी पहिली गोळी झाडली तेव्हा बोल्ट असा आदळला की दस्ता हादरला. इल्पोच्या डोळ्यांत धूर गेला. तापलेली पुंगळी उडून शेजारी उभ्या असलेल्या तैस्तोच्या कॉलरमध्ये पडली.

तैस्तोने उडी मारली. ‘‘अरे इल्पो, परवाना मुसाचा काढलायस की माझा?’’

‘‘अध्यक्षांचा परवाना मिळत नाही,’’ बाकावरून मेर्या म्हणाली, ‘‘नाहीतर मी कधीच काढला असता.’’

सगळे हसले. तैस्तोही हसला, मान चोळत. मग त्याने हात पुढे केला. ‘‘दे इकडे. शिकवतो तुला, रायफल कशी लावतात ते.’’

हे काम त्याला येत होते. अज्ञानाचा आधार मी त्याला मिळू देणार नाही. मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालायचे, झाडायचे, आणि बोल्ट मागे जाऊन उघडा थांबतो का ते पाहायचे. थांबला तर स्क्रू एक खटका आणखी आवळायचा. असे करत करत तो त्या जागी पोचला, जिथे बोल्ट जेमतेम थांबत होता. पुढच्या खटक्याला तो थांबेना. तैस्तो एक खटका मागे आला आणि त्याने पेचकस खिशात ठेवला.

‘‘हिच्या पुस्तिकेत लिहिलंय, इथून अजून दोन खटके मोकळं ठेवायचं,’’ इल्पो म्हणाला. ‘‘थंडीत लागतं म्हणे.’’

‘‘पुस्तिका लिहिणारा कधी आपल्याकडच्या चिखलात गुडघाभर उतरलाय का? तू पुस्तिका वाच, मी रायफल लावतो.’’

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि उजव्या पायाशी जमिनीवर ठेवली. तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही पुंगळ्या हळुवार, घरट्यात अंडी उतरावीत तशा टोपीत पडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तैस्तोने खिशातून छोटी बाटली काढली आणि स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका लावला.

आमच्या मंडळात हा ठिपका म्हणजे मोहोर. मैदानावर तपासलेल्या स्क्रूला तो लागला की कोणी फिरवत नाही. फिरवायचाच झाला, तर आधी सर्वांसमोर कारण सांगावे लागते. काही वर्षांपूर्वी एकाच्या रायफलीवरची दुर्बीण सैल होऊन गोळी भलतीकडे गेली होती, तेव्हापासूनचा हा नियम आहे. नियम चांगला आहे, आणि म्हणूनच तो चुकीच्या जागी बसला की हलत नाही.

तिसऱ्या गोळीला माझा बोल्ट शेवटपर्यंत पोचला खरा, पण धापा टाकत. टाळ्यांच्या आवाजात ते फक्त मला कळले. मित्रांनो, माझी भीती तिथून सुरू होते.

आमच्याकडे शिकारीच्या दिवशी रायफली झोपडीत नेत नाहीत. माणसे आत शेगडीपाशी बसून कॉफी पितात, सॉसेज भाजतात, आणि आम्ही काडतुसे काढून बाहेर लाकडी घोडीवर उभ्या असतो. कारण गार लोखंड उबेत नेले की त्याला घाम फुटतो आणि तो घाम पुढे गोठतो. घोडीच्या वरच दाराशी एक तापमापक ठोकलेला आहे. ऋतू पालटताना पाहण्यासारखे पुष्कळ असते म्हणतात. मी त्या वर्षी दुसरे काही पाहिले नाही. मोसमाच्या आरंभी पारा नऊवर होता. पुढच्या आठवड्यात चार. मग शून्य. थंडीत तेल जड होते, काडतुसातल्या दारूचा जोर मंदावतो, माझे सगळे सांधे आक्रसतात, आणि मला ठाऊक होते की माझ्या घोटात एका थेंबाचीही शिल्लक नाही. आतून हिल्लाला खाऊ घालणाऱ्या मेर्याचा आवाज यायचा. मी पाऱ्याकडे पाहत राहायचे. ओरडता येत नसलेल्या वस्तूला भीती वाटली तर ती कुठे ठेवायची, हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते.

ऑक्टोबरच्या अखेरीस, उणे सहावर, इल्पोने खडीच्या खाणीत सरावाची गोळी झाडली. बोल्ट अर्ध्यातून परतला. पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीतच उभी अडकली. इल्पोने तैस्तोला घरी बोलावून घेतले.

‘‘तेल घट्ट झालंय रे,’’ तैस्तो म्हणाला. ‘‘एवढं कशाला ओततोस? मासे तळायचेत का हिच्यात?’’

‘‘स्क्रू बघायचा का एकदा?’’

‘‘ठिपका आहे ना त्याच्यावर?’’

‘‘आहे.’’

‘‘मग झालं तर.’’

हे म्हणताना त्याचा अंगठा स्क्रूवर होता. नख रंगाच्या कडेला टेकले होते. ते क्षणभर तिथे थांबले, रंगाचा एक कण सुटला, आणि नख मागे गेले. त्यांनी मला चुलीजवळ पुसले, आणि अंगातली ऊब जायच्या आत अंगणाच्या टोकाशी दोन गोळ्या झाडल्या. उबेत मी चालले. मी चालू नये असे मला किती वाटले होते, ते मी सांगू शकत नाही.

मालकालाही मी मोकळे सोडत नाही. पेचकस त्याच्याकडेही होता, पुस्तिका फडताळात होती. पण शिकार त्याला तैस्तोने शिकवली होती. आणि पुढच्या सभेत उठून ‘तुमचा ठिपका मी खरवडला’ असे म्हणणे त्याला मुसासमोर उभे राहण्यापेक्षा अवघड वाटले.

नोव्हेंबरच्या त्या शनिवारी पारा उणे सतरावर होता. माणसे आत कॉफी पीत होती. मी दोन तास घोडीवर उभी होते.

अकराच्या सुमारास, इल्पो मला घेऊन दलदलीच्या कडेला उभा असताना, हिल्लाचे भुंकणे ऐकू आले. मग इल्पोच्या खांद्यावरच्या बिनतारी यंत्रातून मेर्याचा दबका आवाज आला. ‘‘तुझ्याकडे येतोय. मोठा नर आहे. मी मागेच आहे, डाव्या हाताला. बघून मार, बाबा.’’

मूस झाडीतून बाहेर आला. इल्पोने नीट पाहिले, मेर्या रेषेत नाही याची खात्री केली आणि चाप ओढला. गोळी लागली, पण हवी होती त्याच्या वीतभर मागे. अशा वेळी दुसरी गोळी लगेच झाडायची असते. जखमी जनावराला दुखत ठेवायचे नाही म्हणून, आणि ते कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणूनही. माझ्यासारखी रायफल माणूस घेतो ती याच दुसऱ्या गोळीसाठी.

माझा घोट आला. बोल्ट निघाला. थिजलेल्या तेलातून तो सरकला आणि अर्ध्या वाटेवर त्याचे बळ संपले. मी त्याला थांबताना अनुभवले. पुंगळी खिडकीत उभी राहिली. इल्पोने चाप ओढला. पुन्हा ओढला. नर वळला आणि आल्या वाटेने, भुंकण्याच्या दिशेने धावला.

‘‘मेर्या! झाडामागे हो! झाडामागे!’’

इल्पोच्या हातात जाड मोजे होते. त्याने दातांनी मोजा ओढून काढला, उघड्या बोटांनी पुंगळी उपसली. बोटांची कातडी लोखंडाला चिकटून निघाली. सात सेकंद गेले. मी ते मोजले आहेत. झाडीतून आधी फांद्या मोडल्याचा आवाज आला, मग हिल्लाचा, मग मेर्याचा. बोल्ट बसला तेव्हा माझ्यासमोर एका रेषेत तिघे होते: मूस, कुत्री आणि बर्फात पडलेली बाई. इल्पोने चाप ओढला नाही. त्या दिवसभरात कोणी काही बरोबर केले असेल तर एवढेच. हिल्लाने मुसाचा मागचा पाय धरला, तो तिच्यावर उलटला, दहा पावले बाजूला आला, आणि तेव्हा इल्पोने त्याला पाडले.

मेर्याचे मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले आणि कंबरेचे एका ठिकाणी. ती वाचली. जंगलात तिला पुन्हा चालता येईल का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

त्यानंतर आठ दिवसांनी ती दोन वाक्ये लिहिली गेली. त्यांचा उपयोग झाला. दुकानात लोक म्हणू लागले, ‘‘इल्पो बिघडकी बंदूक घेऊन फिरत होता.’’ मला वितळवण्यासाठी सरकारजमा करायचे, असे इल्पोने ठरवले. वितळण्याची मला भीती वाटली नाही असे म्हटले तर ते तैस्तोच्या निवेदनाइतकेच खरे ठरेल. पण त्याहून मोठी भीती ही होती की माझ्यासोबत तो स्क्रूही वितळेल, आणि मग मेर्याच्या मांडीला थंडी आणि दैव यांशिवाय कोणी जबाबदार उरणार नाही.

फेब्रुवारीत मंडळाची सभा झाली. निवेदन मान्य असल्याची मेर्याची सही हवी होती. ती कुबड्यांवर आली. वितळवायला जाण्याआधी मी पुराव्यादाखल मेजावर होते. चिटणीस राइयाने तिच्यासमोर कागद आणि पेन ठेवले.

मेर्याने पेन उचलले नाही. ‘‘तैस्तो, तुझी रायफलही याच बनावटीची ना? सायलेन्सरही हाच?’’

‘‘हो. का गं?’’

‘‘तुझा स्क्रू कितीवर आहे?’’

‘‘त्याचा इथे काय संबंध?’’

‘‘मोजायला संबंध लागत नाही. तू सांग. नाहीतर उद्या इल्पो येऊन मोजेल.’’

शेगडीत लाकूड फुटले. कोणीतरी कॉफीचा पेला खाली ठेवला.

‘‘दोन खटके मोकळा आहे,’’ तैस्तो म्हणाला.

‘‘पुस्तिकेत आहे तसा?’’

‘‘तसाच.’’

‘‘आणि इल्पोचा?’’

तैस्तो खाली बघत बोलू लागला. राइयाने इतिवृत्तात लिहायला घेतले, ‘अध्यक्षांनी खेद व्यक्त केला.’ मेर्याने कुबडीचे टोक कागदावर ठेवले.

‘‘खेद कुठे व्यक्त केलाय त्याने? खोड ते. तो बोलतोय ते लिही. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.’’

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना पुसा, तेल द्या, कोरड्या जागी ठेवा. हे सगळे तुम्हाला शाळेत सांगतातच. त्यात एकाची भर घाला. वस्तू बिघडली असे कोणी सांगितले, तर तिला शेवटचा हात कोणी लावला होता ते विचारा, आणि त्याने स्वतःची वस्तू कशी ठेवली आहे ते पाहा. आम्हाला तोंड नाही. आमच्या वतीने तुम्हीच विचारू शकता.

इतिवृत्तातला तो भाग पुढीलप्रमाणे आहे.

‘ऑक्टोबरात इल्पोने बोलावलं, तेव्हा मला बघताक्षणी कळलं होतं. तेल नव्हतं ते. दोन खटके उघडायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण रंग खरवडला असता, तर तुम्हा सगळ्यांना सांगावं लागलं असतं की जुलैत मी चुकलो. मला वाटलं, या मोसमात त्याला दुसऱ्या गोळीची गरजच पडणार नाही.’