शकुबाईच्या हातातले सूप

मित्रांनो, मी एक जुने सूप आहे. बांबूचे. माझी कड उसवली होती, ती जुन्या लुगड्याच्या काठाने शिवलेली आहे. मला हसू नका. ज्यांची एकही कड उसवलेली नाही अशी पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत. त्यांना माझ्यात घालून पाखडले असते, तर एक दाणा हाती लागला नसता. नुसते फोल उडाले असते.

बोरगावच्या एका बुरडाने मला विणले. शकुबाईने मला सौंसरच्या बाजारात घेतले आणि पांढुर्ण्याला आणले. तिने रद्दी कागद भिजवले, त्यात मेथ्या वाटून घातल्या आणि तो लगदा माझ्या अंगाला आतबाहेर फासला. माझ्या फटी बुजल्या. मग माझ्यातून मोहरीही गळेना. तेव्हा बाजारात पत्र्याची सुपे येऊ लागली होती. ती दिसायला चकचकीत, पण काम थोडे आणि आवाज फार. अशी माणसेही असतात. पुढे येतीलच.

पाखडणे म्हणजे नुसते वरखाली करणे नव्हे. मनगटाला हलका झटका द्यावा लागतो. त्या झटक्याने फोल पुढे जाऊन पडतात आणि दाणे मागे राहतात. शकुबाईला हे बघावेही लागत नसे. ती शेजारणीशी बोलत असायची आणि हात आपले काम करत असायचे. तूर, हरभरा, ज्वारी, तीळ, सगळे माझ्यातून गेले. तिची नात शोभा तान्ही असताना एकदा मलाही पाळणा व्हावे लागले.

मग शकुबाई विसरू लागली. कधी वरणात दोनदा मीठ पडे, कधी चूल पेटवायची राहून जाई. एकदा विहिरीवरून परतताना तिला आपले घर सापडेना. तिच्या मुलाचा, मनोहरचा, संत्र्यांचा बगीचा होता आणि गावात मान होता. त्याने लगेच निकाल दिला.

"माय, तू आता कशालेच हात लावू नको. आराम कर."

हे त्याने असे सांगितले, जणू आईच्या गळ्यात हारच घालतो आहे. शकुबाईला बाजेवर बसवले. विळी काढून घेतली, ते एक वेळ ठीक. पण फुलवातींचा कापूसही काढून घेतला. मला तिच्या समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगले. दिवसभर ती माझ्याकडे बघे आणि मी तिच्याकडे. तिचे रिकामे हात गोधडीचे टाके उसवत बसत. मग घरातले म्हणत, "पाहा, डोकं पार गेलं." अरे शहाण्यांनो, हातांना काही दिलेच नाही, तर हात दुसरे काय करतील?

समाचाराला येणाऱ्यांची तर मला किळस येऊ लागली. सावरगावच्या केसरबाई नदी ओलांडून यायच्या आणि बाजेसमोर उभ्या राहून ओरडायच्या, "शकुबाई, मी कोन? वळखा बरं!" शकुबाई गोंधळून तोंडावर पदर घेई. "नाई वळखलं, नाई वळखलं!" असे म्हणत केसरबाई चहा बशीत ओतायच्या. परीक्षा घ्यायला सारे गाव हजर, आणि नापास झाल्याचा आनंदही गावालाच!

बगीच्यात कामाला येणारी पंचफुला एकदा म्हणाली, "मनोहर भाऊ, मायले काई काम देत जा जी. माह्या सासूले आमी लसून सोलाले बसवतो. नातवायचे नावं भुलते, पन लसून बराबर सोलते. दिवसभर बोलत बी राहते."

मनोहरने ऐकले, पण आपल्या अकलेप्रमाणे. त्याने मला खिळ्यावरून उतरवले आणि तूर व मूग एकत्र करून माझ्यात ओतले. शकुबाईने दिवसभर बसून दोन ढीग केले. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता. संध्याकाळी मनोहर आला आणि त्याने ते दोन्ही ढीग हाताने पुन्हा एक केले. तिच्या डोळ्यांदेखत! भिंतीपासून कोणी काही लपवते का? आई म्हणजे भिंतच, असे त्याला वाटले असावे.

"मिसळलं काहून रे?" शकुबाईने विचारले.

"तुले उद्याले काम पाह्यजे ना, माय."

"हे काम व्हय?" असे म्हणून तिने मला उपडे केले. तूर-मूग अंगणभर झाले. त्या दिवशी त्या घरात शहाणे माणूस एकच होते, आणि वेडी तिलाच म्हणत होते.

मनोहर चिडला. मी पुन्हा खिळ्यावर गेले. शोभाचे लग्न सौंसरच्या नत्थूजींच्या मुलाशी ठरले होते. तो बायकोला, कमलला, म्हणाला, "सौंसरवाल्यायनं हे पाह्यलं त् काय म्हनतीन? घरात येड आहे म्हनून सोयरीक मोडतीन. लगीन होईपर्यंत मायले तिगावले मामाच्या घरी ठेवून देऊ." दाराआडून शोभाने ऐकले.

जाण्याचा दिवस उजाडला. अंगणात लग्नाची तुरीची डाळ भरडणे चालू होते. पंचफुला जात्यावर होती. शकुबाई नवे लुगडे नेसून, पिशवी शेजारी घेऊन पायरीवर बसली होती. कुठे जायचे ते तिला ठाऊक नव्हते. नवा टेरिकॉटचा सदरा घालून मनोहर गाडीच्या वेळेची घाई करत होता. तेवढ्यात शोभाने मला खिळ्यावरून काढले, डाळीने भरले आणि आजीच्या हातात दिले.

"आजी, हे पाखडून दे वं. माह्या लग्नातल्या वरनाची डाळ आहे."

शकुबाईने माझ्या कडेवर बोटे ठेवली. मनगटाला झटका बसला. मित्रांनो, डोके विसरले होते, हात विसरले नव्हते. फोल उडाले आणि थेट मनोहरच्या सदऱ्यावर बसले.

"कोन व्हय गा तू?" शकुबाई त्याच्यावर खेकसली. "बाजूले हो!"

पंचफुला हसत म्हणाली, "तुमचाच पोरगा व्हय जी, माय!"

"असन. पन हवा अडवून राहिला ना!"

अंगणातल्या बाया हसून लोळल्या. तोच दारात नत्थूजी उभे राहिले. ते पंगतीचे बोलायला आले होते. मनोहरचे तोंड पांढरे पडले. नत्थूजी शकुबाईपुढे वाकले आणि त्यांनीही तेच विचारले, "माय, मले वळखलं का?" हाही त्यातलाच, मी म्हटले.

शोभाने डोक्यावरचा पदर सावरला. "मामाजी, तिले इचारू नका. काम सांगा."

जाते थांबले. होणाऱ्या सासऱ्याला असे बोलणारी नवरी त्या अंगणात कोणी पाहिली नव्हती. सोयरीक मोडायला एवढे पुरेसे होते. नत्थूजींनी क्षणभर शोभाकडे पाहिले. मग टोपी काढून ते जमिनीवर बसले.

"तूच सांग, माय. मी काय करू?"

"खडे निवड," शकुबाई म्हणाली. "अन् बोलू नको."

ते मुकाट्याने खडे निवडू लागले. थोड्या वेळाने तिने त्यांच्या पुढ्यातून एक खडा उचलला. "हा काहून ठेवला? वऱ्हाडाचे दात पाडतं का?"

नत्थूजी मोठ्याने हसले. मग हसू ओसरले. "आमच्या घरी बी बुढा असाच झाला होता. आमी त्याले खाटेवर बसवला. खाटेवरच गेला तो."

मनोहर चाचरत म्हणाला, "जी, मी मायले तिगावले पाठवून राहिलो होतो. लग्नात तुमाले तरास नको म्हनून."

"मंग ही डाळ कोन पाखडन? तू?"

मनोहरने फोल झटकले, पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

शकुबाई बरी झाली असे मी सांगणार नाही. खोटे बोलायला मी काही पत्र्याचे सूप नाही. लग्नाच्या सकाळी तिने अक्षतांच्या तांदळातून तुटके दाणे वेचले आणि वेचता वेचता अनेकदा विचारले, "लगन कोनाचं व्हय?" दरवेळी कोणीतरी सांगितले. निरोपाच्या वेळी शोभा तिच्या गळ्यात पडून रडू लागली. शकुबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बायांना म्हणाली, "कोनाची पोरगी व्हय वं? लय रडून राहिली. तिले काई काम द्या."

मित्रांनो, तुमच्या घरी असे कोणी असेल, तर त्यांची परीक्षा घेऊ नका. शेंगा सोलायला द्या, कपड्यांच्या घड्या घालायला द्या, आणि शेजारी बसून तुम्हीही हात लावा. फक्त ते काम खरे असू द्या. त्यांनी निवडलेले धान्य त्याच दिवशी शिजू द्या, आणि पहिला घास त्यांना वाढा.