राजीखुशीने

रेणापूरच्या तहसिलीसमोर वैजनाथअप्पांनी चाळीस वर्षं लोकांचे कागद लिहिले. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, म्हणाल ते. पण नाव झालं ते हक्कसोडपत्रावर. बाप गेला, सातबाऱ्यावर लेकांबरोबर लेकींचीही नावं चढली, की भावांना घाम फुटायचा. मग बहिणींना जेवायला बोलवायचं, एकेक साडी घ्यायची आणि अप्पांच्या टेबलापुढं आणून बसवायचं. अप्पांना मजकूर तोंडपाठ होता: 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दाबदडपणाशिवाय, माझा हक्क भावाच्या लाभात कायमचा सोडून देत आहे.' वर बायांना एक धडा फुकट मिळायचा. आत साहेब विचारतील, राजीखुशीनं देता का, तर फक्त हाव म्हणायचं, दुसरं काही बोलायचं नाही. बाया हाव म्हणायच्या आणि डोळे पुसत एसटी धरायच्या. डोळे पुसण्याबद्दल कागदात काही लिहावं लागत नसे.

अप्पांना हा धंदा शिकवला दगडोबा मास्तरांनी. मास्तर जुने अर्जनवीस, धर्मानं ख्रिस्ती. त्यांच्या वडिलांनी येशूचं नाव घेतलं तेव्हा पादऱ्यानं पोराचं नाव बदलायचं कारण नाही म्हणून सांगितलं. येशूचा पट्टशिष्य पेत्र, त्या नावाचा अर्थ तरी काय, दगडच की. मास्तरांच्या टेबलावर स्टँपपेपरांशेजारी बायबल असायचं आणि ते त्याला आधी कायद्याचं पुस्तक मानायचे, मग देवाचं. शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवू नकोस, हे देवाला लिहून द्यावं लागलं, म्हणजे तिकडंही बांध कोरणारे होतेच, असं म्हणून ते खो खो हसायचे.

मास्तरांची एक खोड मात्र वाईट होती. हक्क सोडायला बहिणी आल्या, की ते लेखणी खाली ठेवून बायबलातली गोष्ट सांगायचे. सलाफहाद नावाच्या माणसाला मुलगा नव्हता, पाच मुलीच होत्या. बाप मेल्यावर त्या पाची जणी लोकांचा पुढारी मोशे याच्यापुढं, सगळ्या पंचांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं, आम्हाला वाटा द्या, म्हणाल्या. मोशेला उत्तर सुचेना. त्यानं देवाला विचारलं, तर देव म्हणाला, पोरी बरोबर बोलतात. ही गोष्ट ऐकून दहातली एखादी बाई विचार करून सांगते म्हणून उठायची. भाऊ मास्तरांना शिव्या घालत शेजारच्या टेबलावर यायचे. शेजारचं टेबल वैजनाथअप्पांचं होतं, आणि अप्पा गोष्टी सांगत नसत. गुरूच्या गोष्टीवर चेल्याचं दुकान चाललं, पण मास्तर मरेपर्यंत त्यावरून एका शब्दानं बोलले नाहीत.

आता अप्पा अडुसष्ट वर्षांचे झाले होते, आणि या मंगळवारी त्यांच्यापुढं बसलेली बाई त्यांची सख्खी बहीण होती.

गंगम्मा उदगीरला असायची. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही, दिराच्या मागच्या खोलीत दिवस काढायची. लातूर रस्त्याकडेच्या दोन एकरांवर वडिलांच्या माघारी दोघांची नावं लागली होती. अप्पांचा मुलगा रविकिरण लातूरला राहायचा. त्यानं प्लॉट पाडणारी पार्टी शोधली होती आणि आत्याचं नाव उतरलं की सौदा पक्का होणार होता. त्यानंच आत्याला सकाळी गाडीत घालून आणलं. आत्यानं नाही म्हटलं नाही. नाही म्हणणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

अप्पांनी मसुदा वाचून दाखवला. गंगम्मा मान हलवत ऐकत होती. छान लिहितोस आण्णा, म्हणाली. थोरला भाऊ काही चांगलं करतोय, याचंच तिला कौतुक. लहानपणीही ती अशीच होती. पेरणीआधी वडील दोघांना बांध चालून यायला पिटाळायचे, कुणी कोरला का ते बघायला. वैजनाथ लिंबाखाली झोपून पावलांचा आकडा ठोकून द्यायचा. ही पोर मात्र अनवाणी, काटे तुडवत, चारी बाजू मोजून यायची आणि भावाचा आकडा चुकला तरी वडिलांना सांगायची नाही. तिच्या टाचेतला बाभळीचा काटा त्यानं दातांनी काढला होता. इतक्या वर्षांनी अप्पांना तो काटा आठवला. त्या शेतात त्याच्यापेक्षा तिचेच पाय जास्त फिरले होते.

"आण्णा, इकल्यावर अव्वाचं काय?" तिनं हळूच विचारलं.

वडील आणि अव्वा, म्हणजे त्यांची आई, त्याच शेतात होते. लिंगायतांत मेल्या माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि माती देतात. पूर्वेच्या बांधाला लिंबाखाली दोघांच्या शेजारी शेजारी समाध्या होत्या. रविकिरणनं आधीच सांगितलं होतं, तिथं बगीचा सोडतील, नकाशात तसं आहे. अप्पांनी तेच सांगितलं.

गंगम्मा म्हणाली, "मला पैका नको, वाटा नको. अव्वाच्या बाजूला बसायची जागा तेवढी राहू दे."

रविकिरण मोबाइलमधून मान वर करून म्हणाला, "आत्या, खुर्ची आणू का?"

पोरगा वाईट नव्हता. लातूरच्या फ्लॅटात वाढलेला, आजीला माती देताना परीक्षेला बसलेला. बसायचं म्हणजे त्याला खुर्चीच कळणार. अप्पांना त्याचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचा. आपण गेल्यावर गंगीला कुठं बसवायचं हे ठरवणारा हाच होता, आणि त्याला तो शब्दच ठाऊक नव्हता.

"दिली जागा. मपला शब्द हाय," ते म्हणाले. म्हणताना त्यांचं त्यांनाच ते वाक्य पोकळ लागलं.

कारण शब्द एफ्रोनानंही दिला होता. हीसुद्धा मास्तरांचीच शिकवण. खरेदीखत शिकवताना ते बायबलातल्या अब्राहामापासून सुरुवात करायचे. बायको सारा परक्या मुलखात वारली आणि म्हाताऱ्याकडं तिला ठेवायला वीतभर जमीन नव्हती. तिथला शेतमालक एफ्रोन चार माणसांत म्हणाला, घे ते शेत, घे ती गुहा, फुकट देतो. अब्राहामानं वाकून नमस्कार केला आणि फुकट नको म्हणाला. पुरतं मोल मोजून, वेशीत बसलेल्या सगळ्यांच्या साक्षीनं शेत, त्यातली गुहा आणि हद्दीतली झाडंसुद्धा आपल्या नावावर करून घेतली. मग सारेला आत ठेवली. वैजनाथानं तेव्हा विचारलं होतं, फुकट मिळत होतं तर का सोडलं? मास्तर म्हणाले होते, फुकटच्या जागेला देणारा जिवंत आहे तोवरच कुंपण असतं, वैजनाथ.

अप्पांनी डोकं खाजवलं. एखादा गुंठा तिच्या नावावर वेगळा काढावा, तर तुकडेबंदीच्या कायद्यात इतक्या बारीक तुकड्याचा दस्त होत नाही. भाडेपट्टा, बक्षीसपत्र, चाळीस वर्षांत लिहिलेले सगळे कागद त्यांनी मनात उलटेपालटे केले. बहिणीला बसायला जागा देईल असा एकही कागद त्यांना लिहिता येत नव्हता. तेवढ्यात आतून नंबर पुकारला. सवयीनं ते उठले, आणि सवयीनंच तिच्या कानाशी म्हणाले, फक्त हाव म्हणायचं.

आत दस्त नोंदवणाऱ्या साहेबांच्या खुर्चीत तरुण मॅडम होत्या. त्यांनी कागद चाळला, गंगम्माकडं नीट पाहिलं आणि विचारलं, राजीखुशीनं देताय का?

"हाव," गंगम्मा म्हणाली. पदर डोक्यावर घेतलेला, हात जोडलेले, आवाज स्वच्छ. शाळेत पाठ म्हणणाऱ्या पोरीसारखा.

"न्हाई, मॅडम," अप्पा म्हणाले. "तिची राजीखुशी न्हाई."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मग दाब कुणाचा आहे?"

"मपलाच. ते राजीखुशी मी लिहिलंय. तिला इचारलंच न्हाई. आजवर कुणालाच इचारलं न्हाई."

खोलीत रांगेतले लोक चुळबुळले. मॅडमनी कागद परत सरकवला आणि दस्त होणार नाही म्हणाल्या. एवढंच. चाळीस वर्षांत अप्पांचा कागद पहिल्यांदाच परत आला.

बाहेर रविकिरण संतापला. पार्टी जाईल, आत्याच्या माघारी जमीन दिराच्या घरात जाईल, तुम्हाला या वयात काय सुचलं, असं बरंच बोलला. अप्पांनी त्याला शांतपणे कायदा सांगितला. मूल नसलेल्या बाईला बापाकडून आलेली जमीन बापाच्या वारसांकडंच परत येते. तुलाच येईल बाबा, पण तिला तिथं बसवल्यावर. बसवणं म्हणजे काय तेही सांगितलं. रविकिरण आत्याकडं बघत राहिला, मग खाली बघत गाडीची चावी फिरवत पार्टीला फोन करायला लांब गेला.

आता गंगम्मा चिडली. ती कधी चिडत नसे, त्यामुळं तिला ते नीट जमलंही नाही. "मपलं माहेर तोडलंस आण्णा. आता दिवाळीला कोण्या तोंडानं येऊ मी?"

"पाव्हणी म्हणून येऊच नको," अप्पा म्हणाले आणि त्यांना रडू आलं. तहसिलीसमोर, ओळखीच्या लोकांत, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत उभे राहिले. किती बायांना त्यांनी याच जागेवरून डोळे पुसत जाताना पाहिलं होतं, त्याची त्यांना मोजदाद करता येईना.

गंगम्मानं त्यांना रडू दिलं. मग रिक्षाला हात केला.

शेतात तूर कंबरेला लागत होती. गंगम्मा समाध्यांपाशी गेली, पाया पडली आणि अव्वाच्या डाव्या अंगाला मांडी घालून बसून बघितलं. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून जराशी वळली. खालचा एक खडा काढून फेकला. पुन्हा बसली. बराच वेळ ती तशी बसून होती आणि अप्पा उभेच होते.

मग ती थोडी बाजूला सरकली.

"ये," ती म्हणाली. "जागा तुला बी पुरती का बघ."

अप्पा धोतर सावरून तिच्याशेजारी बसले. दोघांना जागा पुरली.