अकराजणींची यादी

सुनीतानं चष्मा वर सरकवला आणि पाचवं नाव पुन्हा वाचलं.

“अनसूया ज्ञानू पवार. वय चाळीस.”

“नाही गं,” आई म्हणाली. “माझी आई तवा सतरा वर्षांची. चाळीस कुठनं आणतीस?”

तुरुंगाच्या नोंदवहीतलं ते पान साताऱ्याच्या एका वकिलांनी फोनवर पाठवलं होतं. बेचाळीस साली तालुका कचेरीवरच्या मोर्चात धरलेल्या अकरा बायका. त्यातली एक सुनीताची आजी, एवढं नक्की. कोणती, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तुरुंग पाहून आलेली मुलगी म्हणून माहेरच्यांनी तिला घाईघाईनं लांबच्या गावी देऊन टाकली आणि येणंजाणं असं तोडलं, की माहेरचं आडनावही पुढं कुणाला ठाऊक राहिलं नाही. सासरी तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘सत्यवती’ लिहिलं गेलं, आणि तिचं आधीचं नाव त्या दिवशी संपलं. आई बारा वर्षांची असताना ती वारली. त्या वयात कुठलं पोर आपल्या आईला तिचं पहिलं नाव विचारतं?

आता मात्र ते हवं होतं, आणि आजच हवं होतं. बहारीनमधल्या स्वातंत्र्यकन्या मंडळाच्या अर्जाची मुदत संध्याकाळी संपत होती. स्वातंत्र्यसैनिकाच्या थेट वंशातल्या बाईलाच तिथं सभासद होता येई, आणि पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे प्रत्येकीच्या पूर्वजाचं नाव वाचलं जाई. मंडळ कन्यांचं असलं तरी बहुतेकजणी पणजोबांच्या जोरावर आत आल्या होत्या. पुरुषांची नावं पाळण्यापासून सरणापर्यंत तीच राहतात, त्यामुळे त्यांचे कागदही शहाण्यासारखे जुळतात.

सुनीताला स्वतःला सभासद होण्याची फार हौस नव्हती. बहारीनच्या गुदैबिया भागातल्या या फ्लॅटमध्ये तिची वीस वर्षं मंडळावाचून गेली होती. हौस आईला होती. सत्त्याहत्तराव्या वर्षी, दुखरे गुडघे घेऊन ती व्हिजिट व्हिसावर आली होती आणि वीस तारखेला परत जाणार होती. एकदा घरी पोचलं की पुन्हा विमानात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“माझ्या आईचं नाव चारचौघांत कुणी घेतलंच नाही,” ती आल्या दिवशी म्हणाली होती. “आबा ‘अगं’ म्हणायचे. दहाव्याला भटजींनी घेतलं, तेवढंच.”

सुनीतानं मंडळाच्या सचिव कश्मिराला फोन लावला. ती बँकेत होती आणि घाईत होती.

“सत्यवती म्हणूनच लावता येणार नाही का? लग्नानंतरचं नाव आहे.”

“नाही हो, सुनीताताई. रेकॉर्डमध्ये असेल तेच नाव. सतराच्या कितीजणी आहेत यादीत?”

“दोघी.”

“मग त्यातली एक लिहा की. पुढच्या नात्याला सेल्फ डिक्लरेशन चालतं. कोण येतंय तपासायला?”

फोन ठेवून सुनीतानं दोन्ही नावं आईला वाचून दाखवली. ठकू रामा मोरे. गोदा बाळा साळुंखे. आईनं डोळे मिटून ऐकली, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

“काहीच कसं आठवत नाही गं मला?”

“तू तरी काय करणार?”

“तुला कोणतं वाटतं?”

सुनीताला काहीच वाटत नव्हतं. दोन्ही पोरी तिच्यासाठी सारख्याच परक्या होत्या, आणि त्यातली एक दुसऱ्या कुणाची तरी आजी होती. तिला स्वतःची लाज वाटली. पण वीस तारीखही डोळ्यांपुढे होती. तिनं ‘गोदा’ लिहिलं आणि खाली सही केली.

पुढचे दहा दिवस आई ते नाव घोकत होती. चहा गाळताना, देवापुढे, गोळ्या घेताना. गोदा बाळा साळुंखे. शाळेतली कविता पाठ करावी तसं.

पंधरा ऑगस्टला शुक्रवार होता, तिथला सुट्टीचा दिवस, त्यामुळे हॉल भरला होता. आई मोतिया रंगाची साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती, हात मांडीवर, पाठ ताठ. झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं. कश्मिरा माइकपाशी आली आणि नावं वाचू लागली. दर नावाला टाळ्या पडत होत्या. आईही मनापासून टाळ्या वाजवत होती.

“गोदा बाळा साळुंखे.”

सुनीतानं आईकडे पाहिलं. आई टाळ्या वाजवत होती, आधीच्या नावांना वाजवल्या तशाच, तेवढ्याच. लगेच हात मांडीवर ठेवून ती पुन्हा माइककडे बघू लागली. पुढची नऊ नावं झाली. कश्मिरानं कागदाची घडी घातली आणि सगळ्यांना नाश्त्याला बोलावलं. खुर्च्या सरकल्या. आई जागची हलली नाही.

“चल, आई.”

“थांब जरा. सत्यवती राहिली की त्यांची.”

सुनीता तिच्याशेजारी परत बसली.

“झालं गं नाव. गोदा. मघाशी वाचलं ना त्यांनी.”

इतकं घोकलेलं नाव आईला आत्ता कुठं ओळखू आलं होतं.

“वाजवल्या का मी टाळ्या?”

“वाजवल्यास.”

“बरं झालं,” आई म्हणाली. “बिचारीचं कुणी आलं नसंल.”